डी.एल.एड.ला निघालात? फॉर्मपासून मुलाखतीपर्यंत धर्माचा प्रश्न कुठे येतो आणि तिथे काय करायचं

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी दोन-तीन पोरं तरी मार्कलिस्ट घेऊन घरी येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, डी.एड.ला अजून काही अर्थ आहे का?" आणि दुसरा जरा आवाज खाली करून, आईकडे बघत, "ताई, आपल्याला घेतात का तिकडे?"

हा "आपल्याला" प्रत्येक घरात वेगळा असतो. आमच्या बौद्धवाडीत त्याचा अर्थ एक, खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या पोरीच्या तोंडी दुसरा, वेंगुर्ल्याकडच्या ख्रिश्चन मुलाच्या तोंडी तिसरा, आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेला एक पोरगा मागच्या वर्षी आला होता त्याचाही प्रश्न हाच होता. सगळ्यांना एकच भीती, आपल्या देवामुळे किंवा आपण देव मानत नाही म्हणून कुठेतरी नाव कापलं जाईल.

मी गुहागर तालुक्यातली. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) केलं, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा दिली, एका खाजगी संस्थेची मुलाखत दिली, तिथे झालं नाही, मग परत परीक्षा देऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. या सगळ्यात मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधी कळावं म्हणून हे लिहितेय. मोठं झालंय, पण एका बैठकीत वाचा, कारण अर्धवट माहितीनेच जास्त नुकसान होतं.

१. आधी अख्खा रस्ता बघून घ्या

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड. म्हणजे जुनं डी.एड. लागतं, दोन वर्षांचं. "बी.एड. केलं की दोन्ही चालतं" असं अजून लोक सांगतात, ते ऐकू नका. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही.

क्रम असा आहे. बारावी, मग डी.एल.एड.ला ऑनलाइन प्रवेश, मग टीईटी (पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, १५० मार्कांचा, ओपनला ६० टक्के म्हणजे ९० मार्क लागतात, राखीव गटाला ५५ टक्के), मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही २०० मार्कांची, आणि मग त्या मार्कांवर पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवरून, भरती. अभियोग्यता चाचणी दरवर्षी होत नाही हे लक्षात ठेवा, २०१७ ला झाली, मग एकदम २०२३ ला, मग २०२५ ला. म्हणजे डी.एल.एड. हातात असतानाही थांबायची तयारी ठेवावी लागते.

आता यात धर्माचा संबंध कुठे, तर मी एक साधा हिशोब करते. कुठल्या टप्प्यावर नुसते मार्क आणि कागद बघतात आणि कुठल्या टप्प्यावर माणूस समोर बसून तुम्हाला बघतो? डी.एल.एड.चा सरकारी फेऱ्यांतला प्रवेश बारावीच्या मार्कांवर, त्यात मुलाखत नाही. टीईटी, अभियोग्यता, दोन्ही परीक्षा. जिल्हा परिषदेची भरती बिनमुलाखतीची. म्हणजे इथवर तुमचं तोंडसुद्धा कोणी बघत नाही. माणूस समोर येतो तो तीन ठिकाणी: कॉलेजची मॅनेजमेंट कोट्याची जागा, खाजगी संस्थेची मुलाखत, आणि कॉलेजमधली दोन वर्षं जिथे अंतर्गत मार्क असतात. सावध राहायचं ते या तीन ठिकाणी. बाकी ठिकाणी "ते आपल्याला घेत नाहीत" म्हणून फॉर्मच न भरणं हे सगळ्यात मोठं नुकसान, आणि ते आपणच करून घेतो. मार्क कमी पडले तर गोष्ट वेगळी, पण नुसत्या ऐकीव गोष्टीवर घरी बसू नका.

२. कागदपत्रं (आणि त्यातला धर्माचा रकाना)

जून-जुलैचा पाऊस, तहसीलला जायला एसटीचे दोन टप्पे, सर्व्हर डाऊन, हे सगळं धरून एप्रिलपासूनच लागा. फाइलला आतून प्लास्टिकची पिशवी घाला, माझा जातीचा दाखला स्टँडवरच भिजला होता आणि शाई पसरल्यावर तो परत काढावा लागला.

लागतं ते असं:
- दहावी आणि बारावीचं मार्कलिस्ट (बारावीला ओपनला ४९.५ टक्के, बाकी संवर्गांना ४४.५ टक्के लागतात)
- शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत
- अधिवास दाखला
- जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन क्रिमिलेअर, आणि जात वैधता, ही नोकरीला तर लागतेच म्हणून अर्ज आताच टाका
- ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला, तुम्ही कुठल्याच राखीव गटात नसाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर
- आधार, फोटो, सही, सगळं स्कॅन करून मोबाईलमध्ये आणि शिवाय मेलवर
- अल्पसंख्याक कोट्यातून जायचं असेल तर धर्म किंवा मातृभाषा दिसेल असा पुरावा, बहुतेक वेळा शाळा सोडल्याचा दाखलाच

आता खोलात जाते, कारण इथेच लोक अडकतात.

बौद्ध मुलांनो, तुमच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते आज बघा. कोणाच्या "हिंदू महार", कोणाच्या "बौद्ध", कोणाच्या "नवबौद्ध", एकाच घरात तीन भावंडांचं तीन प्रकारे असतं. घाबरायचं काही नाही, १९९० पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या यादीतही तेच संरक्षण आहे. पण जातीच्या दाखल्याचा नमुना धर्मांतरितांसाठी वेगळा असतो, सेतूतला माणूस घाईत साधा नमुना भरतो आणि मग पडताळणीला प्रश्न येतो. अर्ज सबमिट करायच्या आधी स्क्रीन स्वतः वाचा. "पुढच्याला बघू" म्हणून कोणी ढकललं तर ढकलून घेऊ नका.

मुस्लिम आणि ख्रिश्चन मुलांना एससीचा लाभ नाही, पण म्हणून "आपल्याला आरक्षणच नाही" हेही खरं नाही. कितीतरी मुस्लिम जाती ओबीसीच्या यादीत आहेत, तुमच्या घराण्याची जात त्यात आहे का ते बघा. नसेल तर ईडब्ल्यूएस आहे, त्याला धर्म बघत नाहीत, उत्पन्न बघतात. माझ्या राजापूरच्या मैत्रिणीने हे माहीत नसल्यामुळे पहिल्या वर्षी सरळ ओपनमधून भरलं होतं. आणि अनुसूचित जमातीचं (एसटी) आरक्षण तर धर्म बदलला तरी सुटत नाही, हे कातकरी वाडीतल्या पोरांना मुद्दाम सांगते कारण त्यांना कोणीतरी उलटं सांगून ठेवलेलं असतं.

जुना पुरावा शोधताना तारखा लक्षात ठेवा: एससीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, त्याच्या आधीचा कागद लागतो. आपल्याकडे आजोबा गिरणीत, कागद मुंबईच्या चाळीत, नाहीतर चाळ पडली तेव्हा गेले. अशा वेळी गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा, आजोबा दुसरीपर्यंत जरी शिकले असतील तरी तिथे नाव, जात, तारीख सापडते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि नक्कल मागा, तोंडी विचारू नका. आमच्या आजोबांचं नाव असंच सापडलं, पान वाळवीने अर्धं खाल्लेलं पण जातीचा रकाना शाबूत होता.

३. फॉर्म भरताना: माध्यम वेगळं, धर्म वेगळा

हा घोळ कोकणात फार होतो. आपल्याकडे उर्दू शाळा बऱ्याच आहेत, म्हणून मुस्लिम मुलगी दिसली की कॅफेवाला विचारतच नाही, सरळ उर्दू माध्यम टाकतो. पण आपल्याकडची कितीतरी मुस्लिम मुलं पहिलीपासून मराठी शाळेत शिकलेली, घरात कोकणी बोलणारी. माझी तीच राजापूरची मैत्रीण, मराठीत पहिली येणारी, तिला उर्दू लिहिता येत नाही, आणि तरी तिला तीन ठिकाणी सांगितलं गेलं, "तुमच्यासाठी उर्दूचं आहे ना." माध्यम हे तुम्ही कशातून शिकलात त्यावर ठरतं, नावावर नाही. पुढे शिक्षक भरतीतही दहावी-बारावीचं माध्यम बघतात, त्यामुळे इथली चूक तिथपर्यंत पोचते. मराठी माध्यम असेल तर मराठीच टाका.

कॉलेजचे पसंतीक्रम देताना अंतर बघा, होस्टेल बघा, आणि आधीच्या वर्षीच्या मुलांना फोन करून विचारा की तिथलं वातावरण कसं आहे. एखादी फेरी लागल्यावर प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेरीत काय होतं ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात शब्द न् शब्द वाचा. अडलं तर आपापल्या जिल्ह्याच्या डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) जा, मला तिथे नीट समजावून सांगितलं होतं.

४. अल्पसंख्याक कॉलेज: काय रास्त, काय नाही

यावर गावात भांडणं होतात म्हणून शांतपणे सांगते. घटनेच्या कलम ३० ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा, चालवायचा हक्क दिलाय. त्यामुळे अशा कॉलेजात काही जागा त्या समाजाच्या मुलांसाठी ठेवल्या तर तो तुमच्यावर अन्याय नाही, तो कायदाच आहे. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, जैन हे अल्पसंख्याक धरले जातात आणि महाराष्ट्रात २०१६ पासून ज्यूसुद्धा. अलिबागकडचे बेने इस्रायल म्हणजे ज्यांना आपले जुने लोक शनिवार तेली म्हणत, घाणा चालवायचे पण शनिवारी बंद ठेवायचे. शनिवारी तेल मिळत नाही म्हणून कोणी त्यांच्या तेलाला वाईट म्हटलं नाही, लोक शुक्रवारी नेत. मला हे उदाहरण फार आवडतं.

पण त्याच घटनेत कलम २९ (२) पण आहे: सरकारी किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत नुसत्या धर्म, वंश, जात किंवा भाषेच्या कारणावरून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही. या दोन कलमांचा मेळ कोर्टांनी असा घातलाय की अल्पसंख्याक संस्था आपल्यांना प्राधान्य देऊ शकते, पण अनुदान घेत असेल तर बाकीच्यांना दार सरसकट बंद करू शकत नाही. म्हणून सर्वसाधारण फेरीतून तुम्हाला अशा कॉलेजात जागा मिळाली तर ती तुमच्या हक्काची आहे, "इथे तुम्हाला रुळायला जमणार नाही" असं कोणी प्रेमाने सांगितलं तरी. चिपळूणकडच्या एका हिंदू मुलाला असंच सांगितलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला एका मुस्लिम मुलीला हिंदू मॅनेजमेंटच्या कॉलेजात अगदी हेच वाक्य. दोघं आज शिकवतायत.

एक सापळा: अल्पसंख्याक कोट्याची जागा मिळावी म्हणून धर्माचं खोटं प्रतिज्ञापत्र करून देणारे एजंट असतात. त्या रस्त्याने जाऊ नका. दोन वर्षांनी पडताळणीत सापडलं तर पदविका जाते आणि वर गुन्हा.

५. मुलाखत

इथे मी वेळ घेणार आहे.

पवित्र पोर्टलवर खाजगी संस्था मुलाखतीसह भरती निवडू शकतात, म्हणजे मार्कांवरून एका जागेसाठी अनेक उमेदवार संस्थेकडे जातात आणि संस्था त्यातून निवडते. मी अशाच एका मुलाखतीला गेले होते. संस्थेचं नाव घेत नाही. सकाळी सहाची गाडी पकडून गेले, पाठाचं साहित्य म्हणून चिंचोके, शंखशिंपले आणि दशकाच्या काड्या घेतल्या होत्या, दुसरीला हातच्याची बेरीज शिकवायची होती. आत चौघं बसलेले. पहिला प्रश्न, "आडनावावरून कळत नाही हो, तुम्ही नेमके कुठले?" मी गाव सांगितलं. "ते नाही, म्हणजे घरी देव्हारा वगैरे?" मी म्हटलं बुद्धाची मूर्ती आहे. त्यावर कोणी काही वाईट बोललं नाही, खरंच नाही, पण फाइल मिटली. पाठ सुरू केला तर शंख टेबलावर मांडून दहाचा गठ्ठा बांधेपर्यंत "ठीक आहे, ठीक आहे" झालं. शंख गोळा करताना एक टेबलाखाली गेला तो काढायलासुद्धा मी वाकले नाही. माझ्यानंतरची मुलगी वीस मिनिटं आत होती.

तेवढ्यामुळेच माझी निवड झाली नाही असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, ती माझ्यापेक्षा चांगली असेलही. पण तो प्रश्न विचारल्यामुळे मला ते कधीच कळणार नाही, आणि कदाचित त्या चौघांनाही कळणार नाही. म्हणून तो प्रश्न चुकीचा. उमेदवाराचा धर्म एकदा टेबलावर आला की नंतरच्या प्रत्येक मार्कावर त्याची सावली पडते, विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसलं तरी.

आता तुम्ही काय करायचं ते.

पहिलं, कुठला प्रश्न कामाचा आणि कुठला तुमच्या घरचा हे ओळखायला शिका. दोन्ही वरून सारखे दिसतात. "तुम्ही मांसाहार करता का" हा घरचा. पण "पोषण आहारात अंडं आलं तर तुम्ही मुलांना वाटाल का" हा कामाचा प्रश्न आहे, आणि शाकाहारी उमेदवाराला तो विचारला तर रागवायचं नाही, कारण अंडं वाटणं हे त्या दिवशीचं काम आहे. तो माळकरी पोरगा म्हणाला होता, "मी खात नाही, पण मुलाच्या ताटात काय पडावं हे माझी माळ ठरवणार नाही." यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. तसंच "रोजे धरता का" हा घरचा, "मार्च-एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेची कामं असतील तर जमेल का" हा कामाचा, आणि तो सगळ्यांनाच विचारला पाहिजे, फक्त मुस्लिम उमेदवाराला नाही. शिमग्याची रजा मागणाऱ्यालाही.

दुसरं, घरचा प्रश्न आला तर भांडू नका आणि खोटंही बोलू नका. मी तेव्हा गडबडले, तुम्ही तयारी करून जा. असं काहीतरी म्हणा: "सर, माझी श्रद्धा माझ्या घरची आहे. वर्गात मी अभ्यासक्रम शिकवीन आणि सगळ्या मुलांना सारखं वागवीन. माझ्या पाठाबद्दल विचारलंत तर बरं होईल." आरशासमोर दहादा म्हणून बघा, आवाज चढता कामा नये. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्याने बोलणं परत कामावर येतं.

तिसरं, कपडे. हिजाब, पगडी, माळ, क्रॉस, टिकली, जे रोज घालता ते घालून जा. लेखी परीक्षेला मात्र हॉलतिकीटवरच्या सूचना आधी वाचा, डोकं झाकत असाल तर तासभर आधी पोचा आणि तपासणी महिला कर्मचाऱ्याकडून आडोशाला व्हावी असं सांगा. ऐन वेळी गेटवर वाद झाला तर पेपर तुमचाच जातो. मुलाखतीची वेळ जुम्म्याच्या नमाजाच्या किंवा घरच्या एखाद्या विधीच्या आड आली तर मेलने एक-दोन तास पुढे-मागे मागून बघा. मागितल्याने नाव कापत नाहीत, माझ्या ओळखीत दोघांना वेळ बदलून मिळाली.

चौथं, बाहेर आल्याबरोबर, एसटीत बसायच्याही आधी, वहीत लिहा: तारीख, वेळ, समोर किती जण, कुठले प्रश्न कुठल्या शब्दांत, पाठ किती मिनिटं. मी लिहिलं नव्हतं. आठ दिवसांनी कोणाला सांगायला गेले तेव्हा मलाच शब्द नीट आठवेनात.

६. कॉलेजमधली दोन वर्षं

निवड म्हणजे फक्त प्रवेश नव्हे. सराव पाठांचे, आंतरवासितेचे म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन केलेल्या कामाचे मार्क कॉलेजच देतं, त्यामुळे इथेही न्याय-अन्यायाचा प्रश्न येतो, आणि आता बाजू उलटते. म्हणजे तुमच्या श्रद्धेला कोणी धक्का लावू नये हे जितकं खरं, तितकंच तुमची श्रद्धा तुमच्या हातातल्या पोरांवर लादली जाऊ नये हेही.

परिपाठाचं आधी बोलते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, घटनेची प्रास्ताविका याला सगळे उभे राहतात. पूजेत हात जोडायचे की नाही यावर मात्र घुसमट होते. घटनेचं कलम २८ (३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही स्वतःच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. केरळातलं एक प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे, यहोवाज विटनेस पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत पण गात नसत, शाळेने काढून टाकलं, आणि १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. कोर्टाने बघितलं ते हे की मुलं उभी राहत होती, कोणाचा अपमान करत नव्हती. मी कॉलेजात सरस्वतीपूजनाला शांत उभी राहायचे आणि हात जोडायचे नाहीत. आमच्या एका मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, मी सांगितलं, त्या म्हणाल्या बरं, आणि दोन वर्षांत तो विषय परत निघाला नाही. असंही होतं, हेही सांगितलं पाहिजे.

आता अवघड भाग. पाचवीच्या परिसर अभ्यास भाग दोनमध्ये "उत्क्रांती" नावाचा धडाच आहे. सजीव हळूहळू बदलत आले, माणूसही तसाच घडत आला, हे दहा वर्षांच्या मुलाला सांगायचं असतं. आमच्या बॅचमध्ये वेगवेगळ्या धर्मांतली तीन मुलं होती ज्यांना हा पाठ घ्यायचा नव्हता. एकाने चिठ्ठी बदलून घेतली. एकीने पाठ घेतला आणि शेवटी हळूच "पण खरं तर देवाने बनवलंय हं" जोडलं. तिसरीने मात्र फळ्यावर काळाची रेघ काढली, खडूने दर वितीला एक खूण, आणि अख्खी रेघ संपत आली तेव्हा अगदी टोकाला बोटभर जागेत माणूस दाखवला. वर्ग गप्प. एका पोराने विचारलं, "बाई, मग देव कुठे?" ती म्हणाली, "तो घरी आई-बाबांना विचार, इथे आपण हाडं आणि दगड काय सांगतात ते शिकतोय." तिची श्रद्धा तिच्याजवळ, पोराची पोराजवळ, आणि धडा पूर्ण. तिच्या निरीक्षणवहीत सरांनी चांगला शेरा दिला आणि तो तिच्या पाठाला दिला, मताला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. उमेदवार काय मानतो हे बघून त्याला नाकारू नये. पण अभ्यासक्रमातला पाठ शिकवायला नकार दिला तर तो प्रश्न कामाचा झाला, तिथे धर्माआड लपता येणार नाही. ग्रहणाचंही तसंच. घरी गरोदर वहिनीला बाहेर सोडत नसाल, पण शाळेत चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, हेच सांगायचं.

आणि छात्राध्यापक म्हणून मुलांशी वागताना: "कुठल्या धर्माचा रे तू" हे वर्गात कधीही विचारू नका. डब्यात काय आहे यावर शेरा नको. ईदला एक पाठ, नाताळला एक, गौरी-गणपतीला एक असे घ्यायला हरकत नाही, पण त्या धर्माच्या मुलाला उभं करून "सांग तुमच्यात कसं करतात" असं म्हटलं की ते पोर आकसतं, मी डोळ्यांनी बघितलंय. कोणाला सांगायचं आहे असं विचारा, हात वर येतातच.

७. अन्याय झालाय असं वाटलं तर

आधी एका जाणत्या माणसाशी बोला आणि लिहिलेलं दाखवा, कारण प्रत्येक अपयश भेदभाव नसतो आणि प्रत्येक भेदभाव बोलून दाखवला जात नाही. मग:

मुलाखतीतले तुमचे गुण आणि निवडीचे निकष माहितीच्या अधिकारात मागा. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. संस्था दाद देत नसेल तर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, आणि पोच घ्या, शिक्का-तारखेसकट. अल्पसंख्याक समाजातले असाल तर राज्य अल्पसंख्याक आयोगाकडेही तक्रार करता येते. वकिलाचे पैसे नसतील म्हणून थांबू नका, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, बायका आणि एससी-एसटी यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

फेसबुकवर संस्थेचं नाव घेऊन पोस्ट टाकायचा मोह होईल. आधी अर्ज, आधी पोच.

८. तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसाल तेव्हा

हे लगेच नाही लागणार, पण शाळा व्यवस्थापन समितीवर किंवा गावातल्या संस्थेवर तुमच्यातलं कोणीतरी बसणारच आहे. मागच्या वर्षी आमच्या गावात एका तात्पुरत्या शिक्षकाची निवड करायची होती, मला बसवलं. मी एवढंच सुचवलं की प्रश्न आधी कागदावर लिहू, पाचही जणांना तेच पाच विचारू, पाठाला सगळ्यांना घड्याळ लावून पंधरा मिनिटं देऊ, आणि प्रत्येकाने मार्क लिहून कागद उलटा ठेवायचा, मगच आपसात बोलायचं. समितीतले एक काका म्हणाले, "अगो पण घराणं कसं आहे ते विचारायला नको?" मी म्हटलं, काका, यादीत घराण्याला मार्क किती ठेवलेत ते सांगा, तेवढे देऊ. त्यांनी यादी परत वाचली, पेन्सिल खाली ठेवली आणि पहिल्या उमेदवाराला आत बोलवायला सांगितलं.